डोळ्याखालचं हाड मोडलंय, प्लेट कोणती बसवावी? (जळगाव-धुळ्याकडच्या अनुभवींनी सांगा)

तापीकाठ | सोमवार, रात्री १०.१५

मंडळी, घाईत लिहितोय, शुद्धलेखनाकडे बघू नका. आम्ही रावेरकडचे, केळीवाले. गुरुवारी बागेत कटिंग चालू होती. धाकट्या भावाने (वय २६) घडाखालचा टेकू ओढला, झाड त्याच्याच अंगावर कललं आणि बांबूचा जाड बुंधा उसळून उजव्या डोळ्यावर बसला. डोळा सुजून बंद. दुसऱ्या दिवशी जळगावला नेलं, सीटी काढला. डोळ्याच्या डॉक्टरांनी पडदा वगैरे सगळं बघितलं. नजर शाबूत आहे, पण खोबणीच्या तळाचं हाड मोडलंय म्हणाले.

आता सूज उतरायला लागलीय तर वर बघताना एकाचे दोन दिसतात. गाल बधिर. वरच्या दातांना ब्रश लागतोय की नाही हेच कळत नाही म्हणतो.

जळगावचे डॉक्टर म्हणतात टायटॅनियमची जाळी बसवू. मामेभावाने रिपोर्ट नाशिकला दाखवला, तिथले म्हणाले पॉलिथिलीनची शीट. पॉलिथिलीन ऐकून वडील उठूनच गेले, ‘पोराच्या डोळ्यात कॅरीबॅग घालता का?’ गल्लीतले एक काका (यांच्याकडे जगातल्या सगळ्याचं उत्तर असतं) म्हणतात सूज उतरली की आपोआप बसेल, ऑपरेशन पैशासाठी सांगतात.

कोणाचं ऐकू? घरात रोज भांडणं चाललीत.

---

भुसावळ जंक्शन | सोमवार, रात्री १०.५२

भो, आधी एक काम कर. भावाला सांग, नाक शिंकरायचं नाही. अजिबात. मला कोणी सांगितलं नव्हतं. २०१७ ला वरणगावजवळ हायवेवर गाडी घसरली, तुझ्या भावाचं झालंय तेच हाड मोडलं. तिसऱ्या दिवशी सर्दी म्हणून जोरात नाक शिंकरलं आणि बायकोच्या देखत पापणी फुगली, वडा तेलात फुगतो तशी. हात लावला की कुरकुर आवाज. खालच्या सायनसमधली हवा मोडक्या हाडातून डोळ्याकडे शिरली होती. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंकायचं.

मला टायटॅनियमची जाळी आहे. बाहेरून एक टाका दिसत नाही, खालच्या पापणीच्या आतून गेले होते. थंडीत गाल जरा ओढल्यासारखा वाटतो, बाकी काही नाही. मागे कमरेचा एमआरआय काढायचा होता तेव्हा घाबरलो होतो. टायटॅनियमला चुंबक ओढत नाही, पण जाळी आहे हे आधी सांगायचं, एवढंच तिथल्या माणसाने सांगितलं.

---

शिरपूरना भाऊ | सोमवार, रात्री ११.२०

जय खान्देश. मना मोठा भाऊले पोयाना दिन बैलनं शिंग लागनं व्हतं. डोया मझार चालना गया. तवय डॉक्टरनी कमरनं हाड काढं नि डोयाखाले बसाडं.

(बाकीचं सरळ मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याची मंडळी भाषांतर मागतील.) २००४ ची गोष्ट. डोळा ठीक झाला, पण दोन महिने कमरेने लंगडत होता. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला डोळ्याचं ऑपरेशन झालेला माणूस लंगडतो का, हे समजावून आई थकली. आपलंच हाड म्हणजे अंगाला सोसतं, हे मात्र खरं.

---

सातपुडा | मंगळवार, सकाळी ७.०५

प्लेटांमध्ये कंपन्यांचं कमिशन असतं हे उघड गुपित आहे. जो डॉक्टर जी प्लेट सांगतो तिच्यात त्याचा वाटा. काका चुकीचं बोलत नाहीत.

---

दंतकथा | मंगळवार, दुपारी २.३०

नावाला हसू नका. मी दातांच्या कॉलेजातूनच आलोय, पण जबडा आणि चेहऱ्याच्या शस्त्रक्रिया हेच काम. धुळ्याकडे प्रॅक्टिस. हायवे दोन्ही बाजूंनी आहे, त्यामुळे मोडके चेहरे भरपूर बघतो. तुमचा सीटी मी पाहिलेला नाही, त्यामुळे भावाचं काय करावं हे सांगणार नाही. प्रकार काय आहे तेवढं सांगतो.

डोळ्याची खोबण म्हणजे साधारण ३० मिलीची हाडाची वाटी. पुढची कड जाड, मूठ बसली तरी सहसा टिकते. तळ आणि नाकाकडची भिंत मात्र कांद्याच्या सालीसारखी. तळ अर्ध्या मिमीच्या आसपास, नाकाकडची भिंत त्याहून पातळ, आणि दोन्हींच्या पलीकडे सायनसची पोकळी. समोरून बोथट मार बसला की ही पातळ हाडं फुटून पोकळीत जातात. याला ब्लोआउट म्हणतात. १९५७ मध्ये स्मिथ आणि रीगन यांनी हे नाव दिलं. त्यांचा रुग्ण हर्लिंग या आयरिश खेळाचा चेंडू लागून आला होता. मग त्यांनी तसाच चेंडू मृतदेहाच्या डोळ्यावर ठेवून वर हातोडा मारला आणि तसंच फ्रॅक्चर करून दाखवलं. टेनिस बॉलच्या टूर्नामेंटचा सीझन आला की माझ्याकडे तो प्रयोग फुकटात होतो.

एका अर्थी हे बरंच असतं. तळ फुटला म्हणून डोळा फुटला नाही.

आता काकांबद्दल. काका अर्धे बरोबर आहेत. तळाला छोटी भेग, दोन-दोन दिसत नाही, डोळा आत गेलेला नाही, अशा पेशंटना मीही घरी पाठवतो. ऑपरेशन कशासाठी? स्नायू किंवा चरबी फटीत अडकून दोन-दोन दिसणं कमी होत नसेल, डोळा २ मिमीहून जास्त आत गेला असेल, किंवा तळाचा अर्ध्याहून जास्त भाग गेला असेल तर. शेवटच्या प्रकारात आज डोळा बरा दिसतो, कारण सुजेने त्याला खालून धरलेलं असतं. सूज गेली की तो हळूहळू बसतो. खोबणीत एक मिली जागा वाढली तर डोळा साधारण एक मिमी आत जातो, असा ढोबळ हिशेब आहे. मोठ्या माणसात दोन आठवड्यांच्या आत निर्णय घ्यायचा. सूज उतरू द्यायची, पण आत सगळं चिकटून बसायच्या आधी.

गाल आणि दात बधिर होणं अपेक्षितच. तळाच्या हाडातूनच त्या बाजूची नस जाते. बहुतेकांची संवेदना परत येते, पण महिने लागतात.

आता जाळी की शीट. टायटॅनियम पातळ, कडक, वाकवलं तसं राहतं आणि सीटीत स्वच्छ दिसतं. दोष असा की कापलेली कड करवतीसारखी असते आणि भोकांतून ऊती वाढून जाळीला चिकटतात. पुढेमागे काढायची वेळ आली तर सर्जनला घाम फुटतो. तुमच्या वडिलांना सांगा, कॅरीबॅगशी या पॉलिथिलीनचं नातं एवढंच की आडनाव एक. ही जास्त घनतेची, सच्छिद्र शीट असते. तिच्या छिद्रांत रक्तवाहिन्या शिरतात आणि ती अंगाची होऊन जाते. कड मऊ. पण मोठ्या खड्ड्यावर ती लवू शकते आणि सीटीत नीट दिसत नाही, म्हणून आत टायटॅनियमची जाळी घातलेली शीटही मिळते. कमरेचं, कवटीचं किंवा बरगडीचं हाड हा जुना आणि चांगला मार्ग आहे, पण दुसरी जखम होते आणि बसवलेलं हाड किती झिजेल याचा भरवसा नाही. शिरपूरच्या भाऊंचे बंधू लंगडले ते त्यापायीच.

नाशिकचे आणि जळगावचे, दोघेही बरोबर असू शकतात. मी माझ्या हाताला सवय असलेली वापरतो, तेही तेच करत असतील.

---

वांग्याचं भरीत | मंगळवार, दुपारी ३.१०

वाखु (वाचनखूण) साठवली. डॉक्टरसाहेब, विरघळणारी पण येते ना? मग कायमचं काही आत ठेवायचंच कशाला?

---

दंतकथा | मंगळवार, दुपारी ४.००

येते. एक प्रकार साधारण सहा महिन्यांत विरघळतो, दुसऱ्यांना वर्ष-दीड वर्ष किंवा जास्त लागतं. छोट्या खड्ड्याला उत्तम, लहान मुलांनाही बरी. पण शीट विरघळायच्या आधीच तिची ताकद जाते, आणि मोठ्या खड्ड्यावर मागे राहतो तो फक्त व्रणाचा पडदा. त्यावर डोळ्याचं ओझं टाकायचं की नाही हा जुना वाद आहे. मी टाकत नाही.

---

अमळनेरकरीण | मंगळवार, रात्री ९.४५

मी एरवी नुसतीच वाचते, पण धाग्यात लहान मुलांचा विषय आला म्हणून लिहिते.

माझा मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा. अंगणात कबड्डी खेळताना चुलत भावाचं कोपर डोळ्यावर लागलं. डोळा पांढराशुभ्र. ना काळानिळा, ना सूज. थोडं रडला आणि गप्प झाला. तासाभराने उलट्या सुरू. अंग गार, नुसता पडून राहायचा, डोळे मिटून. वर बघायला सांगितलं की ओकारी.

एका दवाखान्यात नेलं. उलट्या म्हणजे डोक्याला मार, म्हणून दाखल केलं. डोक्याचा स्कॅन नॉर्मल. सलाईन लावलं आणि उद्या बघू म्हणाले. रात्रभर नर्स नाडी बघून जायची आणि कमी आहे म्हणून लिहून ठेवायची. मी विचारलं तर म्हणे झोपेत कमी असते.

सकाळी एक शिकाऊ डॉक्टरीण राउंडला आली. तिने पेन वर धरलं आणि म्हणाली, बाळा, डोकं न हलवता हे बघ. डावा डोळा वर गेला. उजवा होता तिथेच थांबला. मी आई असून रात्रभर समोर बसले होते आणि मला ते दिसलं नव्हतं. ती तशीच पळत गेली. दुपारी आम्ही गाडी करून नाशिकला निघालो आणि त्याच रात्री ऑपरेशन झालं. फटीत अडकलेला स्नायू सोडवला, वर विरघळणारी पातळ शीट ठेवली. उलट्या तिथेच थांबल्या.

आता तो आठवीत आहे. अगदी टोकाला वर बघितलं तर अजून थोडं दोन दिसतं. क्रिकेटमध्ये उंच कॅच सुटला की हेच कारण सांगतो, खरं असतं की नाही देव जाणे.

---

दंतकथा | मंगळवार, रात्री १०.३०

ताई, हे तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलं. तापीकाठ, तुमच्या भावाचं वय २६ आहे, त्यामुळे हे त्याला लागू नाही, पण धागा वाचणाऱ्या आईबापांनी लक्षात ठेवावं.

मुलांचं हाड ओल्या फांदीसारखं असतं. तुटून पडत नाही, वाकतं आणि झटक्याने परत जागेवर येतं. दाराच्या फटीत पदर अडकावा तसा स्नायू मध्ये अडकतो. बाहेर काहीच दिसत नाही म्हणून याला पांढऱ्या डोळ्याचं ब्लोआउट म्हणतात. डोळ्याच्या स्नायूवर ताण आला की हृदयाचे ठोके मंदावतात आणि मळमळ होते, शरीराची ती प्रतिक्षिप्त क्रिया आहे. म्हणून तो डोक्याचा मार वाटतो. इथे दोन आठवडे नाही, एक-दोन दिवस एवढीच मुदत, कारण अडकलेल्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. नुसता डोक्याचा स्कॅन पुरत नाही, डोळ्याच्या खोबणीचे पातळ आणि समोरून उभे काप लागतात.

---

सातपुडा | मंगळवार, रात्री ११.००

डॉक्टर, छान लिहिता. पण कमिशनवर एक शब्द नाही.

---

दंतकथा | बुधवार, सकाळी ८.१५

राहिलं खरं. कमिशन कुठेच नसतं असं म्हणणारा डॉक्टर खोटं बोलतोय. पण ती काळजी असेल तर उपाय साधा आहे. इम्प्लांटच्या पाकिटावर कंपनीचं नाव, माप आणि बॅच नंबरचं स्टिकर असतं. ते केसपेपरवर चिकटवलं जातं. त्याची एक प्रत किंवा फोटो मागा. देत नसतील तर तेव्हा शंका घ्या. फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारा, नंतर नाही.

आणि रात्री पडल्या पडल्या वाटलं, मुख्य मुद्दा लिहायचाच राहिला. प्लेट कशाची यावर लोक तासभर भांडतात, पण ती कुठे टेकवली हे कोणी विचारत नाही.

खोबणीचा तळ सपाट नसतो. पुढच्या कडेमागे तो खोलगट होतो आणि मागे जाताना वर चढतो. अगदी मागे, कडेपासून तीन-साडेतीन सेंटिमीटरवर, न तुटलेल्या हाडाची एक चिंचोळी पायरी उरते. शीटचं मागचं टोक त्या पायरीवर टेकलंच पाहिजे. आपली सुतळीची बाज घ्या. पुढची माच धरली आणि मागची सोडून दिली तर बाज झोळी होईल. पण ती पायरी शोधायला खोल जावं लागतं, आणि तिच्या मागे थोड्याच अंतरावर डोळ्याची मुख्य नस. म्हणून हात कचरतो आणि शीट सरळ आडवी सरकवली जाते. टोक पायरीखाली सायनसमध्ये लोंबतं. ऑपरेशन झालं, बिल झालं, आणि तीन महिन्यांनी डोळा परत आत. मग दोष टायटॅनियमला.

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. मागचा आधार सीटीत दिसतोय का? शीट बसवल्यावर चिमट्याने डोळा वर-खाली फिरवून मोकळा आहे हे टेबलावरच बघणार ना? आणि नंतर सीटी करणार का? या प्रश्नांवर चिडणाऱ्याकडे जाऊ नका. मोठं फ्रॅक्चर असेल तर चांगल्या बाजूच्या खोबणीचा आरसा-आकार घेऊन थ्रीडी प्रिंटरवर कवटीचा नमुना काढतात आणि त्यावर जाळी आधीच वाकवून ठेवतात. जाळी साधीच असते, पण आकार बरोबर येतो.

---

गिरणामाय | बुधवार, दुपारी १२.४०

चाळीसगाव. सासऱ्यांना १९९० च्या दशकात मुंबईत सिलिकॉनची पट्टी बसवली होती. पंधरा वर्षं काही नाही, मग एक दिवस खालची पापणी सुजली आणि पू आला. पट्टी काढावी लागली. डोळा आत जाईल म्हणून आम्ही धास्तावलेलो, पण गेला नाही. पट्टीभोवती शरीराने पिशवी तयार केली होती, तिनेच डोळा धरून ठेवला म्हणाले. असं होतं का खरंच?

---

दंतकथा | बुधवार, दुपारी १.०५

होतं. सिलिकॉनमध्ये ऊती शिरत नाहीत, भोवती पिशवी बनते. म्हणूनच ती काढायला सोपी आणि म्हणूनच वर्षांनी सरकते, सुजते, रक्त साठतं. आता मी तरी वापरत नाही.

---

तापीकाठ | शनिवार, रात्री ९.००

सगळ्यांचे आभार. दंतकथा सर, तुमचे प्रश्न कागदावर लिहून नेले. जळगावचे डॉक्टर चिडले नाहीत. उलट खुर्ची ओढून घेतली आणि स्क्रीनवर दाखवलं. भावाचा तळ अर्ध्याहून जास्त गेलाय, आणि मागे एक पांढरी रेघ बोटाने दाखवली, ‘ही पायरी, इथे टेकवायचंय.’ वडील मागे उभे होते. ते म्हणाले, ‘म्हणजे टेकू द्यायचा, असंच ना?’ डॉक्टर म्हणाले, बरोब्बर, टेकूच. त्यानंतर वडिलांनी एक प्रश्न विचारला नाही.

टायटॅनियम ठरलं. सोमवारी सकाळी.

---

भुसावळ जंक्शन | शनिवार, रात्री ९.२०

पहिल्या रात्री नर्स सारखी उठवेल आणि बोटं किती विचारेल. वैतागू नका. डोळ्यामागे रक्त साठलं तर नजर जाऊ शकते, म्हणून ते असतं. खूप दुखायला लागलं, डोळा बाहेर आल्यासारखा वाटला किंवा अंधुक झालं तर लगेच आवाज द्यायचा, सकाळची वाट बघायची नाही. आणि उशी दोन.

---

तापीकाठ | बुधवार, रात्री ८.३०

झालं. स्टिकरचा फोटो न मागता मिळाला. नंतरच्या सीटीत जाळीचं टोक पायरीवर टेकलेलं दिसतंय. मलाही ओळखता आलं, इतका तो फोटो आता पाठ झालाय. पण दोन-दोन आधीपेक्षा जास्त दिसतंय! भाऊ घाबरलाय.

---

दंतकथा | बुधवार, रात्री ९.१०

सुजेमुळे सुरुवातीला तसं होतं. टेबलावर डोळा मोकळा फिरला होता ना? मग थांबा. डोळ्याच्या डॉक्टरांकडे ठरावीक दिवसांनी तक्त्यावर मोजून घ्या, कमी होत गेलं की काळजी नाही. तोवर मोटरसायकल आणि शिडी बंद.

---

तापीकाठ | (दोन महिन्यांनंतर)

धागा वर काढतोय, उशीर झाला. भाऊ बागेत यायला लागलाय. समोर आणि खाली एकच दिसतं. घडाकडे मान न उचलता बघितलं तर वरच्या फण्या अजून दोन-दोन, पण त्याचीही सवय झाली म्हणतो. गालात मुंग्या येतात. काल ब्रश करताना एकदम ओरडला, हिरडीला लागलं म्हणून. आईने देवापुढे साखर ठेवली.

---

शिरपूरना भाऊ | त्याच दिवशी, रात्री

भारी काम व्हयनं भो. नि त्या काका काय म्हनतस आते?

---

तापीकाठ | त्याच दिवशी, रात्री

काका म्हणतात, सांगितलं होतं ना, आपोआप बसेल.